श्वासाच्या खुणा

आमच्या स्तोत्रांच्या वहीत
ओळीओळीवर पेन्सिलीची एक बारीक खूण असते:
इथं श्वास घ्या.
ती करायचं काम माझं. पायपेटीही मीच वाजवते.

एका ओळीला एक श्वास पुरायचा आम्हाला.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
वाऱ्याविरुद्ध हाका मारून मारून
बायकांच्या छातीचा भाता झालेला असतो.

मे महिन्यात खेकडा आला
की अख्खी खाडी कारखान्यात.
रविवारी जिच्या शेजारी गायचं
सोमवारी तिच्याच शेजारी उभं राहून
तंगड्या मोडायच्या,
नारिंगी, उकडलेल्या, वाफाळत्या.
ती वाफ गोडसर असते.
केसांत बसते, नवऱ्याच्या उशीत बसते.
खिडक्या बंद, कारण एक माशी सापडली
तरी माल परत येतो.

आधी डल्सी पेनी खोकली.
पंधरा दिवसांनी होडीतून येणारा डॉक्टर म्हणाला,
सर्दी मुरलीय.
डल्सीनं मान हलवली. तिला आठवडे भरायचे होते,
नाहीतर हिवाळ्यात भत्ता नाही.

मग आम्ही नेहमी करतो तेच केलं.
कुणाचं घर जळलं तर पांघरुणं वाटून देतो,
तशी वाफ वाटून घेतली.
कढईपाशी आज मी, उद्या फिलोमीना,
परवा विनिफ्रेड, गुडघे दुखत असताना.
डल्सी मागे, खोकी बांधायला.
मुकादम लिएंडरनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.
चांगला मुलगा. विनिफ्रेडच्या बहिणीचा.
कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.
यालाच आम्ही माया म्हणतो.

दम धर, म्हणायचो एकमेकींना.
आठवडे भरेपर्यंत दम काढ.
जरा दम खा, मी उभी राहते.
काम वाटता आलं, वाफ वाटता आली,
दम तेवढा वाटता येईना.

जुलै संपता संपता वही उघडून बसले.
सोळाव्या स्तोत्रात, एकाच ओळीवर, तीन खुणा.
माझ्याच हातच्या,
वेगवेगळ्या रविवारच्या,
खालच्या सुरातल्या बायका अडखळतील तशी एकेक वाढवलेली.
वरच्या सुरात शाळेतल्या पोरी आणि पोस्टातली बाई.
त्यांच्या ओळीवर
तीच जुनी, एकच.

कचेरीत गेलो नाही. कचेरीत मुकादम बसतो.
विनिफ्रेडच्या स्वयंपाकघरात तो नुसता लिएंडर,
चहात पाव बुडवणारा.
वही पुढ्यात ठेवली. त्याला त्यातलं काही कळेना.
तेव्हा विनिफ्रेड उठली, ओट्याला टेकली,
आणि लहानपणी त्याला निजवताना म्हणायची
ती ओळ म्हणू लागली.
अर्ध्यावर थांबली.
पुन्हा सुरुवात केली. थांबली.

पाव विरघळून कपाच्या तळाशी गेला.
"कधीपासून, मावशी?"
"तू मुकादम झालास
तेव्हापासून सांगायचं राहिलंय."

सप्टेंबरात कढईवर झाकण आलं, छतातून पाइप निघाला.
डल्सी पुन्हा दुसऱ्या रांगेत उभी राहते.
तिला जिथं थांबावं लागतं तिथं सगळ्याच थांबतो,
वरच्या सुरातल्या पोरीसुद्धा.
पाहुण्या पाद्र्याला वाटलं, इकडची चालच अशी.

पण पाइपाचं तोंड टेकडीकडे आहे
आणि टेकडीवर टोबिनांची घरं.
त्यांच्या वाळत्या चादरींना आता गोडसर वास येतो.
नोरा टोबिन दोन रविवार आमच्याशी बोललेली नाही.
विनिफ्रेड म्हणते, चहाला बोलवू.
मी म्हणते, बोलवू,
आणि संध्याकाळी आडवाटेनं, त्यांच्या कुंपणावरून घरी जाते.
आत तिचा पाच वर्षांचा नातू खेळत असतो.
मी उभी राहून ऐकते.
पेन्सिल खिशातच असते.