बाजूची फळी

थोरुन सिगुर्डसन दुकानात आली ती बर्फाचे बूट न काढताच.
ड्वेनने आधी दिवे लावले,
निळा, जांभळा, मग तो गुलाबी,
मग बावन्न जेट, मग बोलणारं पॅनेल,
मग खोडलेली किंमत आणि तिच्याखाली दुसरी.
मी मागे एका उघड्या पंपाशेजारी
बेअरिंगमधली गंजाची भुकटी पुसत होतो.

ती म्हणाली, "दिवे घालव, बाळा.
बाजूची फळी उघड."

ड्वेनला स्क्रूड्रायव्हर सापडेना.
म्हणजे मला उठावं लागलं.

आत
बोटभर चंदेरी कागद, आणि नुसती हवा.
नळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या,
क्लॅम्प नाही, गोंदावर भागवलेलं,
फ्रेमच्या लाकडात पिना अर्ध्याच शिरलेल्या.
तिने खांद्यापर्यंत हात घातला,
अडलेल्या गाईपाशी बसलेल्या माणसासारखा,
बाहेर काढून बोटं हुंगली.

"माझा बाप होड्या बांधायचा," ती त्या भोकालाच म्हणाली.
"पाणी बाहेर ठेवायची विद्या. ही तिची उलटी.
पाणी मात्र तेच.
त्याला फट सापडेपर्यंत दम असतो,
आपल्याला नसतो.
ताजा रंग दिलेली होडी बाप कधी घ्यायचा नाही.
म्हणायचा, रंगाखाली काय झाकलंय
ते रंगवणाऱ्याच्या बायकोला विचार."

मग ती प्रत्येक टबावर टिचकी मारत फिरली.
एक रिकाम्या डब्यासारखा वाजला.
एक भरल्या पिंपासारखा. तिथे थांबली.
कोटासकट आत चढून आडवी झाली,
कोरड्या टबात, डोळे मिटून,
गुडघे कुठे जातात ते पाहत.
बाहेर येऊन झाकण उचललं, डाव्या हाताने.
उजवा खांदा जाळी ओढण्यात गेलेला.
"दोघांनी उचलायचं झाकण," ती म्हणाली,
आणि पुढचं बोललीच नाही.

ड्वेन म्हणाला, दहा वर्षांची हमी!
"कशावर?"
शेलवर.
"शेलला काय धाड भरते? पंपावर किती?"
दोन.
"आणि गिमलीपर्यंत यायचं भाडं कुणाचं?"
ड्वेनने कागद उलटा केला,
जणू उत्तर पाठीमागे छापलं होतं.

तेव्हा ती माझ्याकडे आली.
पंपाकडे पाहिलं, माझ्या नखांकडे पाहिलं.
"तुझ्याकडे परत काय येत नाही?"

तेवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
किती लोक आले, सोफ्यासारखे दाबून पाहत,
रंग पडद्यांना जुळतो का विचारत.
ड्वेन काउंटरवरून बघत होता.
पगार शुक्रवारी.
मी काही बोललो नाही.
पाना फक्त उचलला, पुसायला म्हणून,
आणि त्याचं तोंड वळलं
भरल्या पिंपासारख्या वाजणाऱ्या त्या तपकिरी टबाकडे,
बावीस जेट, बोलणारं काही नाही,
दिवा एकच, तोही लावायचा विसर पडलेला.

स्वस्त नव्हता.
तिने किंमत वाचली, ओठ आवळले,
बोटांवर काहीतरी मोजलं.
"पंधरा हिवाळे," पुटपुटली. "मी टिकले तर."
मग ड्वेनला: "पायरी फुकट देशील."
त्याने दिली.

जानेवारी. उणे चौतीस.
तळ्याकाठची वीज संध्याकाळी गेली,
ती सात तास झाले तरी येईना.
मला झोप लागेना.
माझ्या डोक्यात तिच्या नळ्या गोठत होत्या,
एकेक कोपर तडकत होतं,
आणि तो पाना, ते वळलेलं तोंड.
रात्री एकला फोन केला.
खूप वेळ वाजला.

"कोण? पंपवाला?
अरे, चाळीसचं सदतीस झालंय, बस.
मघाशी हात घातला, मग पायही घातले.
फोन आणायला घरात आले होते एवढंच,
केस पाटीसारखे कडक झालेत.
आता ठेव, मला परत जायचंय.

आणि हो, तुझ्या मालकाला सांग,
त्याचा दिवा तेवढा बंद पडलाय."