नखाएवढी जखम

मार्गशीर्ष लागला की सालई कपडे उतरवते.
पान म्हणून राहत नाही अंगावर,
पांढुरकी साल कागदासारखी सुटते
आणि खाली दिसते हिरवट, ओली कातडी.
तेव्हा बाप म्हणायचा, चला.

बाप : लेतू आत्राम. गाव भोकरगुडा,
किनवटाहून आलेली बस जिथे वळून परत जाते
तिथून पुढे दीड कोस चढ.
त्याच्या हातात तुटक्या विळ्याचं पातं,
कमरेला बांबूची टोपली,
मागे मी, नऊ वर्षांची, अनवाणी.

झाडाला आधी तळवा टेकवायचा, पातं मागाहून.
थोडं थांबायचं.
"जागी हाय का बघावं," म्हणायचा.
मग छातीच्या उंचीला, वीतभर रुंद,
नखाएवढं खोल. नखाहून जास्ती नाही.
"साल आपली. आतलं लाकूड तिचं."

पहिल्या दिवशी काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी कडेला घाम.
आठवड्यानं सोनेरी, दाट, आळशी थेंब
आणि त्यात पाय अडकलेली एखादी मुंगी.

हात पाण्यानं निघत नसत. गोडेतेल लागे,
आणि तेल तर भाजीलाच पुरत नव्हतं.
चौथीच्या परीक्षेत पेपर हाताला चिकटला,
सोडवला तर बेरजेसकट फाटला.
पोरी म्हणाल्या, हिच्या अंगाला दर्ग्याचा वास येतो.
मी तोवर दर्गा पाहिला नव्हता.

टोपलीत महिनाभर डिंक निथळायचा,
खाली मडक्यात रस, टप्, टप्,
आमच्या घरातलं एवढंच घड्याळ.
मग बाजारवार. हमीद अत्तारांचा ओटा.
ते एक खडा निखाऱ्यावर टाकत, डोळे मिटत :
"लेतू, ये पहाड़ के पिछवाड़े का माल है ना?"
बाप हसायचा, चोरी पकडल्यागत.

मोगरीनं ढेकळं फुटत, निवड होई.
पाणीदार खडे पहिल्या पोत्यात, ते हैदराबादला.
पिवळे देवळांना, बाळंतिणीच्या बाजेखाली.
तपकिरी गोठ्यातल्या डासांना, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना.
साल-मातीचा चुरा कुणाच्याच पोत्यात नाही,
तो आम्ही घरी आणायचो.
आमच्यातलं प्रत्येक पोर त्या चुऱ्यावर शेकलं.

एका साली मला चपला हव्या होत्या,
लाल पट्ट्याच्या, ओट्यासमोरच टांगलेल्या.
बाप ओढ्यावर पाणी प्यायला उतरला
आणि मी पातं दाबलं. नखाच्या पुढे. दोन बोटं.
करकर वाजलं,
मग लाकूड दिसलं, हाडासारखं.
डिंक खरंच आला, चार दिवसांत ओंजळभर.
बाप बोलला नाही. शेण-माती कालवून
ती जागा लिंपली, चूल लिंपतात तशी.
ओंजळही विकली. चपला आल्या.
फक्त त्या झाडाजवळून जाताना
तो मला त्या हातात घ्यायला लावायचा.

बाप गेला माघात, सालईला फुलं असताना.
हमीदमियांचा नातू मोटारसायकलवर
वर्तमानपत्राची पुडी घेऊन आला.
पहिल्या पोत्यातले खडे, मूठभर.
"दादांनी सांगितलंय, पैसे घ्यायचे नाहीत."
निखाऱ्यावर टाकले. धूर सरळ वर गेला,
चुऱ्यासारखा डोळ्यांत घुसला नाही.
भाऊ, भावजया, पोरं, सगळे एकमेकांकडे बघत राहिले,
कुणालाच तो वास ओळखू येईना.
आय उठली. खुंटीवरचा सदरा काढून
नाकाला लावला. म्हणाली,
"ह्यो तर रोजच घरी येत होता."

ते झाड अजून आहे. जखमेच्या कडा
ओठांसारख्या मिटत आल्यात, पुरत्या नाहीत.
उन्हाळ्यात कधी तिथे एखादा थेंब येतो,
कुणी पातं न लावता.
मी तो काढत नाही.
पाया पडत नाही, काही नाही.
चपला हातात घेऊन थोडी उभी राहते.
खडे टोचतात.