होतु

इदलहोंडच्या दूध डेअरीत संध्याकाळी सहाला
रांग दारापर्यंत आली की करंट जातो.
जातोच. त्याचं काही नाही.
बसलिंगप्पा लाइनमनला फोन लावला तर तो एकच शब्द देतो:
होतु.
कानडीत म्हणजे गेला.
माझ्या मराठी कानाला पहिल्यांदा वाटलं, होता म्हणतोय.
तेही खरंच की.

टेबलाखाली चपलांच्या शेजारी यूपीएस आहे,
दोन विटांएवढा जड, वर दुधाचे वाळलेले थेंब.
करंट गेला की तो बोंबलतो.
संगणकाला त्यातलं काही कळत नाही.
दोघांच्या मध्ये यूएसबीची वायर आहे
आणि वायरीतून कुणी कुणाशी बोलत नाही.
परवा बॅटरी संपली तसा पडदा एकदम काळा,
चौदा जणांचं दूध कॅनमध्ये होतं, खात्यात नव्हतं.
चन्नव्वा म्हणाली, माझं साडेतीन लिटर कुठं गेलं गे पोरी,
तू प्यालीस?

म्हणून आज रात्री बसले आहे.
शेडला आतून कडी, डासांची कॉइल,
लिनक्सच्या काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं.
आधी वायर बदलली, खानापुरातून आणलेली.
दोष वायरीचा नव्हता.
ऐंशी रुपये, होतु.

मग यंत्रालाच विचारलं, तुला कोण कोण जोडलंय?
त्यानं माउस सांगितला, वजनकाटा सांगितला,
आणि तिसरा एक, शून्य सहा सहा पाच,
पुढं नाव धड नाही, नुसता आकडा.
आमच्या रेशन कार्डावर भावाचं नाव असंच आहे,
कुणाचंही असू शकेल असं.

म्हणजे दिसतोय. बोलत तेवढा नाही.
ड्रायव्हर चालू केला. म्हणाला, परवानगी नाही.
सगळ्यांत वरच्या अधिकारानं चालू केला, तर जोडला गेला,
दहा सेकंद.
मग ओळ आली: डेटा शिळा झाला आहे.
एकटीच हसले.
डेअरीत बसून कोण कुणाला शिळं म्हणतंय.

साडेअकराला लक्षात आलं,
मी त्याला भलत्याच बोलीत विचारत होते.
तहसील कचेरीत बाबा मराठी अर्ज घेऊन
या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचे, तसं.
आतला माणूस बहिरा नव्हता. बाबाही मुके नव्हते.

एका फाइलमधली एकच ओळ बदलली,
दुसरा ड्रायव्हर लिहिला, जुना,
कुठल्याही स्वस्त खोक्याशी जमवून घेणारा.
आणि खाली एक नियम:
या आकड्याचा पाहुणा आला की दार उघडावं,
दरवेळी मोठ्या साहेबाला उठवू नये.
वायर काढली, परत खोचली.

बॅटरी सत्तावन्न टक्के.
येणारा दाब दोनशे चार व्होल्ट.
दोनशे चार!
इतके दिवस त्याला सगळं माहीत होतं,
आमच्या गावाला किती पोचतं तेसुद्धा.

प्लग उपटला. बोंब सुरू.
पडद्यावर लगेच: बॅटरीवर आहे.
मी भिंतीवरचं घड्याळ धरून बसले.
चार मिनिटं दहा सेकंदांनी त्यानं आपणहून खाती मिटली,
रात्री कॅनची झाकणं लावतात तशी, एकेक,
आणि झोपला.
पडला नाही, झोपला.

चार मिनिटं म्हणजे पाच-सहा जणांचं माप.
नवी बॅटरी मागायला हवी.
चेअरमन म्हणतील, पुढच्या सभेत बघू.

दुसऱ्या दिवशी करंट गेलाच नाही.
सहा वाजले, सात वाजले, रांग संपली.
चन्नव्वानं तिची चिठ्ठी, वाचता येत नाही तरी,
ट्यूबलाइटकडं धरून बघितली आणि कनवटीला लावली.
टेबलाखाली हिरवा दिवा. कुणाचं लक्ष नाही.

नऊला बसलिंगप्पाचाच फोन आला.
करंट ऐतेनु अक्का?
आहे का म्हणून.
मी म्हटलं, ऐतरी.
तेवढं येतं मला.