टोकाचा तुकडा

सात मिलिमीटर म्हणजे एक फूट.
या हिशेबानं दोन रुळांमधलं अंतर एकवीस,
आणि बाबा, बूट घालून ताठ उभे राहिले तर
एक्केचाळीस.
आता ते ताठ उभे राहत नाहीत.

स्लीपरसाठी कॉफी ढवळायच्या काड्या.
टलमोरच्या पेट्रोल पंपावरची मुलगी
आताशा काही विचारत नाही, मूठभर देते.
पितळी ब्रशनं त्यांच्या अंगावर ओरखडे,
मग काळा चहा, व्हिनेगर, दोन गंजके खिळे आणि एक रात्र.
सकाळी काडी करडी होऊन निघते,
चाळीस हिवाळे उघड्यावर काढल्यासारखी.

जमीन मात्र खरी.
क्लोनडाराच्या दलदलीतलं पीट,
बाबांच्या शेडमधली शेवटची गोणी.
ओव्हनमध्ये वाळवते, खलात कुटते,
पीटचं पीठ होईपर्यंत,
आणि आईच्या जुन्या पडद्यातून चाळते.
घरभर वास, चूल न पेटवता.
खडी लागत नाही इथे.
टाकली असती तर दलदलीनं गिळली असती
आणि ढेकरही दिली नसती.

एका स्लीपरला चार खिळे.
चिमटा, भिंग, रोखलेला श्वास.
एका संध्याकाळी अकरा स्लीपर होतात,
बाराव्याला हात कापतो, खिळा उडतो,
आणि आठवड्यानं तळपायात सापडतो.

मग गंज. तपकिरीचे तीन हात,
वर नारिंगी खडूची पूड, फुंकरीनं.
रुळाचा माथा तेवढा घासून लख्ख ठेवायचा.
"गाडी जाते तिथे गंज धरत नाही," मी म्हटलं, उगाच,
मोठ्यानं.
"जायची," बाबा म्हणाले.

तेवढं बोलून ते टेबलाशी आले.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बोटानंच वाचू लागले,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
एकतीस वर्षांचं जाड बोट.
"ॲट्रॅक्टा, हा रूळ कुणाचा?"
तुमचाच, बाबा.
"आमचा इतका सरळ कधीच नव्हता."
आणि सांध्यावर अंगठा ठेवून
दाबला.

तीन स्लीपर उखडले. तीन संध्याकाळी नव्हेत,
पण माझा जीव तेवढाच गेला.
मी चिमटा आपटला. ते चहा करायला गेले,
दोन कप घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला,
साखर विसरून.

रात्री दिवा खाली घेऊन पाहिलं.
सांध्यापाशी रूळ किंचित खचला होता,
डावा उजव्यापेक्षा केसभर खाली,
आणि तेवढ्यानं सगळी दलदल
फळीखाली श्वास घेऊ लागली होती.
वॅगन ठेवली. ती झुकली,
पीट भरलेली वॅगन झुकायची तशी.
मी तो खड्डा तसाच चिकटवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिंकाची बाटली हातातून काढून घेतली.
"टोकाचा तुकडा चिकटवायचा नाही.
आम्ही कधी ठोकून ठेवला नाही.
इथलं पीट संपलं की सहा जण मिळून उचलायचो,
रूळ, स्लीपर, सगळं एकदम, शिडीसारखं,
आणि चाळीस पावलं पलीकडे टाकायचो.
पुढे फिन्टन, मागे मी.
फिन्टन शिव्या द्यायचा, ताल धरून."

खरे रूळ भंगारवाल्यांनी नेले,
दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, चार ट्रक.
बाबा पाहायला गेले नाहीत.
त्या दिवशी त्यांनी शेडचं दार रंगवलं.

आता तो तुकडा सुटा आहे,
चौदा स्लीपर, पिठावर नुसता टेकलेला.
मी कामावरून येते, दिवा लावते,
आणि तो काल होता तिथे नसतो.
बोटभर सरकलेला असतो,
फळीच्या कडेकडे,
आणि मागे पिठात दोन बारीक रेघा.

मी विचारत नाही.
काल फक्त टेबलाला
आणखी एक फळी जोडली.