अंतर, सोनेगावहून

नातवानं फोनवर काढून दाखवलं:
नागपूर ते बंगळूर, सवानऊशे किलोमीटर,
एक तास चाळीस मिनिटं.
"आजी, तुझी डाळ शिजायला याहून जास्त वेळ लागतो."
खरं आहे. डाळ जुनी असेल
अन् गॅस बारीक असेल, तर.

झिरो माईलच्या दगडावर
बेतूल आहे, चांदा आहे, जबलपूर आहे,
मैलांत कोरलेली. बंगळूर नाही.
बाबा म्हणत, तो दगड पायवाल्यांचा.
पंखवाल्यांचा हिशेब सोनेगावात होते.

बाबा म्हणजे तानबाजी मेश्राम,
रातच्या डाकेवर थैल्या उचलणारे.
दहाला खामल्याहून सायकल,
हँडलच्या आकड्याला डबा,
डब्यात दोन भाकरी अन् वांग्याचं काहीतरी.
चार दिशांनी चार डाकोटा यायच्या,
दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास,
अन् मध्यरात्री नाकं जुळवून उभ्या राहायच्या,
पाणवठ्यावरच्या म्हशींसारख्या.
थैल्यांची अदलाबदल झाली
की ज्या तिथल्या तिथे परत.
गाव झोपलेलं असायचं
आणि देशभरातली लग्नं, मयती, मनिऑर्डरी
बाबांच्या डाव्या खांद्यावरून उजव्यावर जायच्या.

आई विचारायची, मद्रास किती दूर आहे हो?
"धुकं नसलं तर एक झोप.
धुकं असलं तर बाकीचे तिघंही थांबतात.
शेवटचं येईपर्यंत कोणीच निघत नाही.
म्हणून जे उशिरा येते
त्याचंच अंतर सगळ्याईचं अंतर."

पौषातल्या एका रात्री
मद्रासचं विमान दोन वाजेस्तोवर आलंच नाही.
बाबांनी डबा उघडून
तीन वैमानिकांत दोन भाकरी वाटल्या.
(आईला हे कधीच पटलं नाही.
"मग सकाळी घरी येऊन अर्धीच कशी खाल्ली?")
त्याच रात्री थैली ठेवायला ते आत गेले.
दारापासून चार पावलं.
पेट्रोलचा, लाखेचा, ओल्या गोणपाटाचा वास.
अंधारातून कोणीतरी म्हणालं, चलता क्या मद्रास?
बाबा म्हणाले, सकाळी पोरीची फी भरायची आहे.
उतरले.
ती पोरगी मी. फी सव्वा रुपया.

पुढे कुठेही विमानाची गोष्ट निघाली
की बाबा खाकरून सांगत,
"मीबी बसलो आहो. चार पावलं."
डाक दुसऱ्या वाटेनं जाऊ लागली,
सायकल विकली,
आकडा तेवढा काढून ठेवला.
अजून मोरीत टॉवेल लटकतो त्याला.

आज दारातल्या मुलीनं हात जोडले.
मी आत शिरून मोजले.
एक. दोन. तीन. चार.
लाखेचा वास नव्हता,
कुणाच्या तरी समोशाचा होता.
मागचे गृहस्थ म्हणाले,
"काकू, चला ना, बावीस नंबर मागे आहे."
पाचवं पाऊल उचलायला
त्या एक तास चाळीस मिनिटांतली
किती लागली, सांगता येत नाही.
रांग पार शिडीपर्यंत खोळंबली होती.
खोळंबू दे म्हटलं.
शेवटचं येईपर्यंत
कोणीच निघत नाही.