बेणं

बावीस वर्षं मी मिनिटं लिहितोय, पेन्सिलीनं,
कारण उतेनाच्या थंडीत गाडीत राहिलेलं पेन
सकाळी कागदावर नुसतं ओरखडतं.

गेला सामना :
विर्गिल्युस, वय सदतीस, चौतीस मिनिटं.
टेरेल, महिन्याच्या करारावर आलेला, छत्तीस.
औरिमास, एकोणीस, शून्य.
शून्यापुढे लिहायला रकाना नाही,
पण तो कसा बसला होता ते मला पाठ आहे.
टॉवेल गळ्यात नाही, मुठीत.
जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत,
आणि टाचा उचललेल्या,
कुणी हाक मारायचाच अवकाश.

आमचा प्रशिक्षक वाईट माणूस नाही.
त्याचा करार मार्चपर्यंत आहे,
आणि लाकडाच्या वखारीचा मालक, जो आमचे पगार देतो,
गुणतक्ता खालून वर वाचतो.
"पुढच्या वर्षी," प्रशिक्षक म्हणतो मुलाबद्दल.
असलं एक पुढचं वर्ष मला ठाऊक आहे :
रॉटरडॅमला ट्रक नेतं,
नाताळला फोन करतं, आधी स्कोअर विचारतं, मग तब्येत.

उलटंही पाहिलंय.
सतरा वर्षांच्या एकाला उतरवलं,
गॅलरी त्याचं नाव घेऊन ओरडत होती म्हणून.
चाळीस गुणांनी हरलो.
आता दुसऱ्या गावात खेळतो तो,
पण चेंडू हातात आला की
अजून आधी बाकाकडे बघतो.

आमच्या तळघरात बटाट्यांचे दोन ढीग असत.
एक खायचा, एक बेण्याचा.
मधे आईनं खडूनं ओढलेली रेघ.
एका फेब्रुवारीत खायचा ढीग संपला.
आई बराच वेळ कंदील धरून उभी राहिली,
मग तिनं पायानं रेघ पुसली.
आम्ही जेवलो. मीठ लावून, सालासकट.
मेमध्ये ती शेजारच्या स्तासेकडे बेणं मागायला गेली.
पोतं मिळालं.
पण पुढे कितीतरी दिवस
स्तासेच्या फाटकासमोरून जाताना
आईची चाल बदलायची.
चुकलं का तिचं? मला अजून सांगता येत नाही.
उपाशी पोरांनी काय बेण्याकडे बघत बसायचं?

शनिवारी, दोन गुणांनी मागे,
चार मिनिटं अकरा सेकंद उरलेली,
विर्गिल्युसचा पाचवा फाऊल.
प्रशिक्षकाची नजर बाकावरून फिरली,
रिकाम्या फळीवरून हात फिरावा तशी,
आणि टोकाशी जाऊन थांबली.
औरिमास उठला. चेन अडकली.
विर्गिल्युसनं दोन हातांनी ती खाली ओढली,
दात तुटून जमिनीवर पडले,
आणि पोराच्या कानात तो काहीतरी बोलला.

पहिला चेंडू औरिमासनं थेट प्रेक्षकांत फेकला.
दुसऱ्या वेळी स्वतःच्याच पायात अडकून पडला.
मालक उठून कोट चढवू लागला.
तिसऱ्या वेळी तो डावीकडून गेला,
दाराला कुलूपच नसल्यासारखा,
आणि मी लिहायचं विसरलो.

हरलो. एका गुणानं.
बोळात प्रशिक्षक म्हणाला, "पुढच्या शनिवारी बघू,"
म्हणजे काय ते त्यालाही माहीत नसावं.
टेरेल फोनवर आईशी बोलत होता,
तिकडे अजून दुपार होती.

मी विर्गिल्युसला विचारलं, काय सांगितलंस त्याला?
"काही नाही. डावीकडचा त्यांचा गडी दमलाय, एवढंच."
गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या, डोळे मिटलेले.
"माझी किती झाली?"
एकतीस.
"आणि त्याची?"
चार मिनिटं, अकरा सेकंद.
बर्फ वितळून जमिनीवर ओहोळ चालला होता,
तो त्यानं पायानं अडवला.
"अकरा सेकंद कशाला लिहितोस?"

मी पेन्सिलीला टोक करत राहिलो.