उंबऱ्याला गंज

टूरे, तू खाली दिवा फिरवतोयस तोवर
मी बोलत राहते. ऐकायचं नसेल
तर हातोडी जरा जोरात वाजव.

बाहेर उणे एकतीस. कायानीत त्याचं काही नवल नाही.
पण सकाळी शेजारचा पाहिला, नव्या गाडीत,
दातांनी हातमोजा ओढून काढत होता.
का, तर काचेवर गरम हवा सोडायचं बटण
स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर.
तिसऱ्या पानावर! ऊब!
ज्याने हे काढलं त्याला एकदाच
जानेवारीत इथे आणून उभा करीन, उघड्या बोटांनी,
आणि म्हणीन, हं, उलट आता पान.

माझ्या साबमध्ये खुंटी आहे, अक्रोडाएवढी.
लोकरीच्या दुहेरी हातमोज्यातूनही कळतं
कुठवर फिरवली ते.
नजर रस्त्यावरच राहते,
आणि कडेच्या झाडीतल्या त्या मूसवर,
जो आजवर कधी हात दाखवून वळला नाही.

किल्ली बघितलीस कुठे आहे? दोन सीटांच्या मध्ये, खाली.
धडक बसली तर गुडघ्याची वाटी फुटू नये म्हणून.
आणि रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय ती निघतच नाही.
कुणीतरी बसून विचार केला होता रे,
की माणूस घाईत असतो, विसरतो,
आणि त्याला गुडघे असतात.

चार लाख बारा हजार किलोमीटर.
क्लच दोनदा, पाण्याचा पंप तीनदा,
गिअरबॉक्स पहिल्यापासून रडका, खोटं कशाला बोलू.
भरवशाची गाडी बिघडते. पण आधी
आठवडाभर कुरकुरते, सांगते, वेळ देते.
नव्या गाड्या कुरकुरत नाहीत.
एका सकाळी पिवळा दिवा लावतात आणि तोंड मिटून बसतात,
रुसलेल्या जावयासारख्या.

आणि ते कायदे!
वेग दोनने वाढला की टिंग.
पट्टी ओलांडली की टिंग.
दोन वीत बर्फाखाली पट्टी कुठे आहे
ते बावीस वर्षं बस चालवून मला ठाऊक नाही,
त्या डबीला कुठून कळलं?
समोरून येणारे दिवे तर असे पांढरे
की डोळ्यांत चुना घातल्यासारखं होतं,
आणि तेही म्हणे नियमात बसतं.

हसू नकोस.

आमचा आहती. त्या वर्षी
पट्टे गाडीत होते, सक्ती नव्हती.
तो पट्ट्यावर बसायचा, वर गादी टाकून.
शर्ट चुरगळतो म्हणे. नाचाला निघाला होता.
त्याच्या त्या शर्टाला
मीच इस्त्री केली होती.
दोन वर्षांनी कायदा आला.
तेव्हाही मी शिव्या घातल्या सरकारला,
भर चौकात, आई दंडाला धरून ओढत होती तरी.
उशिरा आल्याबद्दल.

का थांबलास?

आवाज बदलला. ठण ठण होतं, आता थप.
डाव्या दाराखालचा उंबरा ना?
माहीत होतं मला. मिठाने खाल्लाय.
शरद ऋतूत काळा रंग फासला मी त्यावर,
तुला दिसू नये म्हणून. दिसला.
पेचकस घाल. घाल म्हणते.
किती गेला?
मुठीपर्यंत.

तुझी आई, मार्यो, माझ्याच बसमधून शाळेत जायची,
पुढच्या सीटवर, गणिताची वही मांडीवर.
म्हणून हात आखडू नकोस.
लिही, नापास.
मी असते तर दुसऱ्या बाजूलाही खुपसून पाहिला असता.
पाहा ना. मी थांबते.

वेल्डिंगवाला ओइवा एप्रिलपर्यंत हात लावणार नाही,
त्याची शेड गोठलेली असते.
तोवर राहू दे ती मागच्या अंगणात,
कागद नसलेल्यांच्या रांगेत.

इथून गावात जायला थांबा कुठे आहे?
नाही, तू सोडू नकोस, तुझ्या मागे तीन गाड्या आहेत.
बस किती वाजता, तेवढं सांग.
थांब्यावर उभं राहायची मला सवय नाही,
मी नेहमी दुसऱ्या बाजूला असायचे.

आणि टूरे,
रिव्हर्समध्ये टाक आधी.
ओढू नकोस. नाहीतर किल्ली निघणार नाही.